पारव्याची बदली

आमच्या कचेरीत ‘लिव्हरी’ या शब्दाला एकच अर्थ होता. शिपाई, दफ्तरी आणि मोटारचालक यांना सरकारातून मिळणारा गणवेश. नोकरीत रुजू झालो तेव्हा आमच्या वाट्याला जे टेबल आले त्यावर हाच विषय होता. हिवाळी कोट किती, उन्हाळी जोड किती, बूट कोणास आणि छत्री कोणास, याचा हिशेब आम्ही तीन वर्षे इमानेइतबारे ठेवला. पुढे जुलै २०१७ पासून गणवेशाऐवजी वार्षिक रोख भत्ता देण्याचे ठरले, आणि ते टेबल व तो शब्द दोन्ही आमच्या आयुष्यातून कायमचे गेले अशी आमची समजूत झाली.

म्हणूनच पुण्याहून वडीलबंधूंचा फोन आला आणि ते म्हणाले, “दिल्लीत एखादी चांगली लिव्हरी पाहून ठेव,” तेव्हा आम्ही गोंधळलो. कोणत्या शिपायासाठी, असे आम्ही विचारले.

“शिपायासाठी कशाला? पारव्यासाठी!”

पारवा हा घोडा. रंगाने पारव्यासारखाच करडा, मानेवर थोडी निळसर झाक, वय सात वर्षे. शर्यतीच्या घोड्याची कारकीर्द आपल्या नोकरीच्या अगदी उलट असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो रुजू होतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षी पुष्कळदा निवृत्तही होतो. निवृत्तिवेतनाची तरतूद त्यास नाही. पारव्याचे नशीब थोर म्हणून आमच्या पुतणीने त्यास मागून घेतले आणि दोन वर्षे खपून अडथळ्यांवरून उड्या घेण्याच्या स्पर्धेसाठी तयार केले. बंधुराजांचा एक लहानसा कारखाना आहे. त्याच्या नफ्यातील पहिला घास आयकर खाते घेते आणि उरलेला पारवा, असे ते म्हणतात. आता पुतणीला दिल्लीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. ती वसतिगृहात राहणार हे ठरले होते. पारव्याने कोठे राहावे, हा प्रश्न ‘तू दिल्लीतच आहेस’ या एका कारणावरून आमच्याकडे वर्ग झाला.

आम्ही प्रथम शब्दकोश काढला. पदवीधर कारकून दुसरे काय करणार? मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘हवाली केलेले’ असा निघाला. धन्याने आपल्या आश्रितांस जे द्यावयाचे, म्हणजे अन्न, वस्त्र आणि त्यांच्या घोड्यांची चंदी, ते सारे लिव्हरी. इंग्रजी भाषेत पुढे त्याला दोन फाटे फुटले. वस्त्र आमच्या टेबलावर आले आणि चंदी घोड्याच्या पागेत राहिली. विलायतेत घोडा बाळगणारे लोक तो दुसऱ्याच्या पागेत मासिक मोबदल्याने ठेवतात. कोठे सर्व सेवा पागेची, कोठे अर्धी पागेची अर्धी मालकाची, आणि कोठे जागा तेवढी पागेची, बाकी चारापाणी मालकाने पाहावयाचे. आपल्याकडे बहुधा पहिलाच प्रकार चालतो. मोतद्दार ठेवलेला असतो आणि मालक फक्त स्वार होण्यापुरता येतो.

घोड्यांशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. मराठेशाहीत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि ज्यास सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. आम्ही जन्माचे बारगीर. खुर्ची सरकारी, टेबल सरकारी, नऊ वर्षे प्रतीक्षायादीत काढून मिळालेले दोन खोल्यांचे निवासस्थान सरकारी. घोड्याविषयीचे आमचे ज्ञान एका हिंदी म्हणीपुरते, हाकिमाच्या अगाडीस आणि घोड्याच्या पिछाडीस उभे राहू नये. तिचा पूर्वार्ध आम्ही आजवर निष्ठेने पाळला आहे.

परंतु काम अंगावर पडले की ते नियमानुसार करावयाचे, हा आमचा स्वभाव. आम्ही एक तुलनात्मक तक्ता आखला. मासिक खर्च, वसतिगृहापासून अंतर, खोलीचे माप, मैदान, दिवे, पाण्याची सोय, स्वच्छता, सुरक्षा, पशुवैद्याची उपलब्धता असे नऊ रकाने केले आणि एकूण गुण शंभर ठेवले. पुतणी तेव्हा पुण्यातच होती. “काका, तुम्ही पाहाल ते ठीकच असेल,” असे ती फोनवर म्हणाली. या वाक्याचे ओझे तेव्हा आम्हांला जाणवले नाही.

पहिली पागा यमुनेच्या पूरक्षेत्रात होती. खर्च सर्वांत कमी. परंतु वरातीच्या घोड्या, टांग्याचे घोडे आणि स्वारीचे घोडे एकाच हौदावर पाणी पीत होते. आज नवा घोडा आला की तोही त्याच हौदावर. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा एक भयंकर रोग होतो आणि तो माणसांनाही होऊ शकतो. सरकारी तपासणीत तो निश्चित झाला की घोड्यावर उपचार करीत नाहीत, त्यास मारावेच लागते. एवढे आम्ही वाचून गेलो होतो. ती पागा आम्ही तक्त्यातून कमी केली आणि स्वतःच्या चोखंदळपणावर खूश झालो.

दुसरी पागा गुरुग्रामच्या बाजूस होती. फाटकापाशी हिरवळ, आत कारंजे, पांढऱ्या रंगाची नवी इमारत. खोल्या प्रशस्त, बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद. आमच्या निवासस्थानातील झोपण्याची खोली याहून लहान आहे, हे आम्ही त्या व्यवस्थापकाला सांगितले नाही. खाली रबरी गाद्या. रात्रीही उड्या घेता याव्यात म्हणून मैदानावर दिव्यांचे खांब. प्रत्येक खोलीत पाण्याचे एक चकचकीत भांडे. घोड्याने त्यात तोंड घातले की ते आपोआप भरते. “बालदीचा प्रश्नच नाही,” व्यवस्थापक म्हणाला. आम्ही पाण्याच्या रकान्यात दहापैकी दहा गुण मांडले. त्याने आम्हांला कॉफी पाजली आणि अभिप्रायाची वही पुढे केली. तीत आम्ही दोन ओळी सुवाच्य अक्षरात लिहिल्या.

तिसरी पागा दक्षिण-पश्चिम दिल्लीत एका जुन्या गावाच्या कडेला होती. गल्ली अशी अरुंद की रिक्षा बाहेर सोडून चालत जावे लागले. एक निवृत्त रिसालदार ती चालवीत. विटांच्या जुन्या खोल्या, कौलांवर पिंपळाची सावली, दाराशी बालद्यांची रांग. त्यांच्या बसावयाच्या खोलीत १९८२ च्या दिल्ली एशियाडचे एक पिवळट छायाचित्र होते. आशियाई क्रीडास्पर्धांत अश्वारोहण प्रथम आले ते त्या वर्षी, आणि रघुबीरसिंग यांनी शहजादा या घोड्यावर बसून वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले ते येथेच, दिल्लीत. रिसालदारसाहेब तो प्रसंग सांगत बसतील या भीतीने आम्ही घाईने कागद काढला. परंतु त्यांनी एशियाडविषयी अवाक्षर काढले नाही. उलट प्रश्न त्यांनीच विचारावयास आरंभ केला. घोडा दिवसाला किती चारा खातो? चंदी कशाची? लाकूड कुरतडण्याची खोड आहे का? पूर्वी कधी पोट दुखले आहे का? मुलगी आठवड्यातून किती दिवस येणार? आणि घोडा आजारी पडला तर रात्री दोन वाजता फोन कोणी उचलावयाचा?

यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. आम्ही जागा पाहावयास आलो होतो आणि येथे आमचीच मुलाखत चालली होती. शेवटी ते म्हणाले, “पहले पंद्रह दिन अलग रहेगा. दूसरे घोड़ों के पास नहीं आएगा.” आम्ही तक्त्यात ‘मालक हेकट’ असा शेरा लिहिला. दिवे नाहीत, मैदान लहान, मेट्रो दूर, आरंभीचे पंधरा दिवस गैरसोय. शंभरांपैकी बावन्न गुण. दुसऱ्या पागेला त्र्याऐंशी. तक्ता बंधुराजांना पाठविला, खाली ‘शिफारस’ असे लिहून सही केली, आणि पहिली पागा ज्या कारणासाठी आपण नाकारली त्याच कारणासाठी हा मनुष्य पंधरा दिवस मागत होता, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पारवा दिल्लीस आला. पुण्याहून चौदाशे किलोमीटरांचा प्रवास घोड्यांच्या गाडीतून, मुक्काम करीत. त्याला उतरविताना आम्ही हजर होतो. फळीवर पाय ठेवून तो थबकला, कान पुढे केले आणि दिल्लीची हवा हुंगू लागला. नव्या ठिकाणी बदली होऊन आलेला मनुष्य स्थानकाबाहेर असाच उभा राहतो. आम्हीही बारा वर्षांपूर्वी हजरत निजामुद्दीनला असेच उभे होतो. “बघ हं, आम्ही आहोत,” असे आम्ही त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणालो, म्हणजे अर्थात अगाडीस उभे राहून.

पुढचे दोन महिने ठीक गेले. पुतणी आठवड्यातून चार वेळा जाई. मार्चमध्ये एक मोठी स्पर्धा होती आणि तिची तयारी रात्री दिव्यांच्या उजेडात चालली होती. एकदोनदा ती म्हणाली की, चाऱ्याची जाळी सायंकाळी सहाला टांगतात ती आठलाच रिकामी होते आणि मग सकाळपर्यंत काही नसते. आम्ही व्यवस्थापकाशी बोललो. ‘आहार तज्ज्ञाने ठरविलेला आहे,’ असे उत्तर मिळाले आणि आमचे समाधान झाले. लेखी उत्तर आले की आमचे समाधान होते.

जानेवारीत दिल्लीची थंडी आणि धुके आपल्यापैकी ज्यांनी अनुभवले असेल त्यांस अधिक सांगावयास नको. त्या रात्री दीड वाजता फोन वाजला. पुतणी रडत नव्हती. आवाज मात्र फार हळू होता. “काका, पारवा लोळतोय. पोटाला लाथा मारतोय. पहारेकऱ्यानं फोन केला. मी सायंकाळीच सांगितलं होतं की त्यानं लीद नीट टाकली नाही, कोरडी होती. ते म्हणाले, उद्या पाहू.”

टॅक्सीने वसतिगृहावरून तिला घेतले. धुक्यात पुढची गाडी दिसत नव्हती. वाटेत तिनेच आम्हांला सांगितले की घोड्याला ओकता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच गेले पाहिजे. पुढे अडले तर आतडे फुगते, पीळ पडतो, आणि मग काही तासांचा प्रश्न असतो. कारंजे बंद होते, दिवे मालवलेले होते. फाटकावरचा पहारेकरी एकटा पारव्याची दोरी धरून त्याला अंगणात फिरवीत होता. त्याचे काम मोटारी राखण्याचे. आवाज ऐकून तो आत गेला होता म्हणून एवढे तरी कळले. मोतद्दारांच्या राहण्याच्या खोल्या अर्ध्या मैलावर होत्या. व्यवस्थापकाचा फोन बंद होता.

पशुवैद्य तीन वाजता आले. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस ते चाळीस असते. पारव्याची चौसष्ट होती. त्यांनी पोटावर नळी लावून ऐकले, वेदनाशामक टोचले, नाकातून नळी घालून जठर तपासले, मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून आतडे चाचपले. मोठे आतडे जेथे वळण घेते तेथे कोरड्या चाऱ्याचा गोळा अडकला होता. पीळ पडला नव्हता. त्यांनी नळीवाटे पाणी व औषध सोडले आणि हात धुताधुता विचारले, “दोन दिवसांत पाणी किती प्यायला?”

कोणी बोलेना. एवढ्यात आलेला मोतद्दार चकचकीत भांड्याकडे पाहू लागला. भांडे काठोकाठ भरलेले होते. ते नेहमीच काठोकाठ भरलेले असे. घोडा दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी पितो. थंडीत पाणी बर्फासारखे झाले की तो कमी पितो, आणि कमी प्यायला की आतला चारा कोरडा पडतो. बालदी असती तर सकाळी ती अर्धी भरलेली दिसली असती. भांडे आपोआप भरत होते, म्हणून पारवा पाणी पीत नाही हे कोणालाच दिसले नाही. दहापैकी दहा गुण आम्हीच मांडले होते.

“आणि रात्री येथे कोण असते?” पशुवैद्यांनी विचारले.

आमच्या तक्त्यात ‘सुरक्षा’ असा रकाना होता. त्याखाली आम्ही ‘कॅमेरे आठ’ असे लिहिले होते.

सकाळी दहा वाजता पारव्याने लीद टाकली. ती पाहून आम्हांस झालेला आनंद कोणत्याही पदोन्नतीच्या आदेशाने झालेला नाही. पुतणी मात्र ती पाहून मटकन खाली बसली आणि मग रडली. आम्हांला दोषाचा एक शब्दही ती बोलली नाही. बंधुराज फोनवर एवढेच म्हणाले, “तुझा तक्ता मी तपासला नाही, ही माझी चूक.” हे वाक्य त्यांनी दयेने उच्चारले होते, म्हणूनच ते अधिक लागले.

मार्चची स्पर्धा गेली. ज्यासाठी तिने वर्ष काढले होते ते आमच्या एका सहीने गेले.

फेब्रुवारीत पारव्याची पुन्हा बदली झाली, आणि त्या वेळी तक्ता न घेता आम्ही तिसऱ्या पागेत गेलो. रिसालदारसाहेबांनी ‘तेव्हाच सांगितले होते’ असे म्हटले नाही. पुन्हा तेच प्रश्न विचारले. या खेपेस पुतणीने एकेक उत्तर दिले आणि ते त्यांनी वहीत लिहून घेतले. पंधरा दिवस पारवा वेगळ्या खोलीत राहिला. या दक्षतेचे मोल किती, हे आम्हांला नंतर कळले. रोगांच्या भीतीमुळे भारतातून घोडा युरोपात नेणे इतके कठीण की आपले उत्तम स्वार तिकडेच राहून तिकडच्याच घोड्यांवर तयारी करीत आले आहेत. २०२३ मध्ये हांगचौ येथे ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या आपल्या चमूची तयारीही अशीच झाली होती. त्यांतील सुदिप्ती हजेला ही आपल्या इंदूरची. २०२५ मध्ये मीरतच्या लष्करी अश्वकेंद्रातील रोगमुक्त विभागास जागतिक पशुस्वास्थ्य संघटनेची मान्यता मिळाली तेव्हा कोठे ही अडचण सुटण्याचा मार्ग दिसू लागला. हे सारे त्या ‘पंधरा दिवस अलग’ या हेकट वाक्यात होते.

तेथे एक वृद्ध मोतद्दार आहे. तो पारव्याच्या खोलीशेजारीच खाटेवर झोपतो. आता कोणी आम्हांला पागा कशी निवडावी असे विचारले तर आम्ही त्याच्याकडून जे शिकलो ते सांगू. सकाळी न कळविता जावे. आधी घोड्यांचे कान आणि डोळे पाहावे, मग इमारत. अंथरलेला पेंढा हातात घेऊन हुंगावा. मुताच्या उग्र वासाने आपले डोळे चुरचुरले तर तेथे रात्रभर उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या फुप्फुसांचे काय होत असेल याचा विचार करावा. चाऱ्याचे वजन विचारावे. साडेचारशे किलोंच्या घोड्याला रोज निदान सात-आठ किलो वाळला चारा हवा, आणि तो दिवसरात्रीत विभागून. नालबंद किती आठवड्यांनी येतो ते विचारावे. घोडा रोज किती वेळ मोकळा सोडतात ते पाहावे. आणि एखाद्या घोड्याकडे बोट दाखवून मोतद्दाराला विचारावे, याने काल किती पाणी प्यायले? आम्ही पारव्याविषयी विचारले तेव्हा तो वहीकडे न पाहता म्हणाला, “तीन बाल्टी, बाबूजी. चौथी आधी छोड़ दी.” थंडीत तो पाणी कोमट करून देतो.

या पागेत उणिवा नाहीत असे नाही. दिवे नाहीत म्हणून पुतणीला पहाटे साडेचारला निघावे लागते. मैदानावर पावसात चिखल होतो. रिसालदारसाहेब खरोखरच हेकट आहेत. या हिवाळ्यात ती पारव्याला घेऊन स्पर्धेत उतरली तेव्हा दोन दांड्या पडल्या आणि पदक मिळाले नाही. ती हसत बाहेर आली, पारव्याचे खोगीर उतरविले आणि आधी त्याची बालदी मागितली.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती घोड्याविषयी नाही.

आमची आई मिरजेस असते, वय बहात्तर. वडील गेल्यानंतर तिने घर सोडले नाही. बंधुराज महिन्यातून एकदा जातात, आम्ही वर्षातून एकदा. आम्ही दोघा भावांनी तिची व्यवस्था उत्तम लावली आहे असे आम्ही मानीत होतो. नऊ ते पाच बाई येते. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे, दारावर कॅमेरा आहे, गॅस आपोआप नोंदविला जातो. रोज रात्री आठला आम्ही फोन करतो. जेवलीस का, औषध घेतलेस का, असे विचारतो. ती हो म्हणते.

त्या जानेवारीतल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही फोन केला आणि विचारले, “आई, रात्री घरी कोण असतं?”

ती थोडी थांबली. मग म्हणाली, “रात्री कोण असणार? मी असते की.”

आम्ही रजा टाकली आणि गोवा एक्स्प्रेसने मिरजेस गेलो. आठ रात्री तिच्या शेजारच्या खोलीत झोपलो. ती रात्री चार वेळा उठते हे आम्हांस ठाऊक नव्हते. मागच्या पायरीवरचा दिवा गेला होता, कधी गेला ते तिलाही आठवत नव्हते. चौथ्या रात्री तिचा तोल गेला आणि तिने दाराची कडी धरली. ती कडी ती नेहमीच धरीत असावी, कारण तेवढ्याच जागी पितळ घासून चकचकीत झाले होते. आम्ही काही बोललो नाही. सकाळी दिवा बसविला. परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी तेथे जागा शोधीत होती, तिला पुढची खोली दिली. भाडे घ्यावयाचे नाही, रात्री घरी असावयाचे, एवढाच करार. आईने दोन दिवस कुरकुर केली. आता ती फोनवर त्या मुलीच्या परीक्षेविषयीच अधिक बोलते.

निघताना बंधुराज पुण्याच्या स्थानकावर भेटले. गाडी थोडाच वेळ थांबते. आम्ही त्यांना दिव्याचे सांगितले, कडीचेही सांगितले. ते खिडकीची दांडी धरून उभे राहिले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून मी दर शनिवारी जाईन.” आणि ते जातात.